मस्तकीची पहिली चीर

कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही पोटावर सरपटत एका बुटक्या झाडाखाली शिरला आहात. नाक जमिनीपासून वीतभर उंच. खाली चाळलेली पांढरी माती पिठासारखी पसरलेली आणि डोक्याला फांद्या टोचताहेत. आता श्वास घ्या. हा वास मस्तकीचा, म्हणजे या झाडाच्या सालीतून ठिबकणाऱ्या सुगंधी डिंकाचा; तो मळू नये म्हणूनच खाली ती पांढरी माती. आमच्या मेस्ता गावची पोरं या वासातच मोठी होतात.

लेमोनियाला त्या उन्हाळ्यात तिचं पहिलं झाड मिळालं. तिच्या कालिरोई आत्याने ते दाखवलं, हातात टोकदार टोचा दिला आणि सांगितलं, "सालीवर ओरखडा काढायचा, जखम नाही. चीक दिसला की थांब."

आमच्या घरांमध्ये एक रीत आहे. पहिल्या झाडाची मस्तकी निळ्या थाळीत घालून सगळ्या नातेवाइकांसमोर ठेवतात. काका-मामा थाळी हातात घेऊन जोखतात, हुंगतात. त्या दिवशी पोर एकदम मोठं होतं. लेमोनियाला ती थाळी शिगोशीग भरायची होती. कारण तिचा आत्तेभाऊ स्ट्रातिस रोज म्हणायचा, "तुझ्या थाळीत बशीभर तरी येईल का गं? माझं झाड बघ, नुसतं वाहतंय!"

म्हणून तिने टोचा दाबला. जरा जास्तच दाबला.

आणि काय सांगू! दोन दिवसांत झाडाखाली थेंबच थेंब. काही सालीवर लोंबत होते, काही पांढऱ्या मातीवर पडून काचेच्या मण्यांसारखे चमकत होते. स्ट्रातिस पाहायला आला आणि त्याचा आ वासलेलाच राहिला.

"अगं, हे झाड आहे की धबधबा?"

"जळतोस ना?" लेमोनिया म्हणाली.

मग आत्या आली. ती त्या वयातही आडवी होऊन झाडाखाली गेली आणि एकेक चीर बोटाने चाचपू लागली. शेवटी तिने हाक मारली, "ये गं इकडे. चिरेत बोट घाल. आत काय लागतंय?"

"टणक आहे. पांढरंही दिसतंय."

"ते लाकूड. साल आपली, बाळ, पण लाकूड झाडाचं."

लेमोनियाचं तोंड एवढंसं झालं. "मरेल का ते?"

"लगेच नाही. ही झाडं चिवट असतात. माझ्या आजोबांच्या आधीपासून ती इथे उभी आहेत, दगडातून पाणी शोधतात, आणि वर आपल्याला हे देतात." आत्याने एक ताजा थेंब बोटावर घेतला आणि उन्हात धरला. तिने ही मस्तकी आयुष्यभर पाहिली होती, तरी तेव्हाही तिचे डोळे मोठे झाले. "पण पुन्हा टोचा लागला, तर पुढच्या वर्षी या फांदीला पालवी येणार नाही."

"मग पुढच्या फेरीला?"

"झाड तुझं आहे. मी तुझा हात धरणार नाही."

आता पंचाईत अशी, की थाळी एका फेरीत भरत नाही. पहिल्या चिरांचे थेंब वाळून गोळा झाले की पुन्हा चिरा घालायच्या असतात. लेमोनियाने ऐनवेळी हात आखडला, तर निळ्या थाळीचा तळ दिसणार. आणि स्ट्रातिसच्या तोंडाला कुलूप कोण लावणार?

दुसऱ्या फेरीचा दिवस उजाडला. गाढवावर पाण्याची मडकी, बायकांच्या डोक्यांना रुमाल, जिकडेतिकडे टोच्यांचा बारीक टकटक आवाज. लेमोनिया आपल्या झाडापाशी गेली आणि उकिडवी बसून पाहत राहिली. चिरांवर चीक सुकून पिवळसर झाला होता.

"काय गं, झोप लागली?" स्ट्रातिस शेजारच्या झाडाखालून ओरडला. "सुरू कर की! माझ्या तर पाच चिरा झाल्यासुद्धा. आणि कशा खोल! काल तुझ्याच बघून ठेवल्या होत्या."

लेमोनिया ताडकन उठली. तिने आपला टोचा जमिनीवर टाकला, धावत त्याच्या झाडाखाली शिरली, खालच्या फांद्या दोन्ही हातांनी वर उचलून सालीवर ऊन पाडलं आणि म्हणाली, "थांब रे! साल आपली, पण लाकूड झाडाचं. आधी नीट बघ, मग टोच."