खंडोबाचा कोरा टाक

गावोगाव अत्तर विकणाऱ्या मन्सूरला जुन्या नाण्यांचं भारी वेड. वेल्ह्याच्या बनाबाईकडं त्याला चांदीचा एक जुना रुपया दिसला आणि तो हबकलाच. त्यावरचं टांकसाळीचं नाव त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण ते अर्धंच लागत होतं आणि भिंग मेलं भोरला राहिलेलं. विकायचं म्हणताच म्हातारीनं कानांवर हात ठेवले. "मग जपा, मावशी. असं दुसरं कुठं न्हाई," एवढं बजावून तो निघाला.

दसरा उलटल्यावर तो भिंग घेऊन आला. बनाबाईनं हौसेनं देव्हाऱ्यातला खंडोबाचा कोरा टाक आणला.

"तुमीच म्हणालासा, असं दुसरं न्हाई. मग अशी चांदी गाडग्यात ठिवायची व्हय? सोनाराकडून आटवून देव घडवला."

तिच्या तळहातावरल्या टाकावर मन्सूरनं भिंग धरलं. घोडा दिसला, तलवार दिसली. त्यानं टाक उलटा करायला सांगितला. मागं त्याच घोड्याचा खळगा होता, अक्षर एकही नव्हतं. त्याचीच जीभ त्या रुपयाच्या मुळावर आली होती.

"बरा जमलाय न्हवं?"

"लई बेस," तो म्हणाला.

ते अर्धं नाव आता फक्त त्याच्या डोक्यात होतं, तो असेतोवर.