तू हलायचं नाहीस

जुईनगरच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये देव बसले होते कपाटावर आणि वायरलेस बसला होता टेबलावर. आता यातला मान कुणाचा मोठा, हे सरोजिनीबाईंना विचारायची सोय नव्हती. नवरा, वामनराव केळुसकर, हौशी रेडिओवाला. रीतसर परीक्षा देऊन सरकारचा परवाना काढलेला. पण यंत्र सरळ विकत आणील तर शपथ! स्वतः डाग देऊन, तारा गुंडाळून दोन यंत्रं बनवली होती, एक घरचं आणि एक प्रवासाचं. वर बायकोलाही परीक्षेला बसवलं. म्हणे, "टायपिंग तुझं माझ्यापेक्षा बरं." बेलापूरच्या सरकारी कचेरीत दिवसभर टाईप करून बोटं मोडलेल्या बाईला घरी आल्यावरही टायपिंगच.

पण शहाण्णवच्या सप्टेंबरात तेच टायपिंग कामाला आलं. मराठवाड्यात तीन दिवस आभाळ फाटलं. तळमजल्यावर राहणारा मारोती सरवदे तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होता. त्याचं गाव हिंगणटेक. फोनच्या तारा तुटल्या, रस्ता वाहून गेला. बायको वारल्यापासून मारोतीची आठ वर्षांची लेक अक्षता गावाला आजीपाशी, म्हणजे जाईबाईपाशी होती. वामनरावांनी प्रवासाचं यंत्र आणि मांडीवर मावणारा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला, गाडीची एक बॅटरी घेतली आणि मदतीला निघालेल्या पोरांबरोबर गाव गाठलं. गावात शाळा तेवढी पक्की. घरं पडलेली सगळी माणसं शाळेत, आणि वामनरावही तिथेच.

बोललेलं ऐकू येत नव्हतं, सगळी खरखर. म्हणून निरोप टाईप करून पाठवायचे. इकडे अक्षर दाबलं की हवेतून दोन सुरांची किरकिर जायची आणि तिकडचा कॉम्प्युटर तिची परत अक्षरं करायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. यंत्राशेजारच्या डबीवर दोन लाल दिवे होते. ते आळीपाळीनं सारखे लुकलुकले की सूर जुळला समजायचं.

गोची एकच होती. घरी बनवलेलं यंत्र तापलं, गारठलं किंवा बॅटरी उतरली, की नवशिक्या गवयासारखं सूर सोडायचं. केसभर सरकलं तरी पडद्यावर अक्षरांची भेळ. सरोजिनीबाईंच्या यंत्राला मोठी चकती होती, तिनं बोलायची आणि ऐकायची अशा सुराच्या दोन्ही जागा हलायच्या. बाजूला एक बारकं बटण होतं, त्यानं फक्त ऐकायची जागा हलायची. वामनरावांच्या यंत्राला बटण नव्हतंच, नुसती चकती. आणि घरच्या चकतीच्या वर वामनरावांनी जाताना कागदाची पट्टी चिकटवली होती: "सरोज, तू हलायचं नाहीस. मी येईन."

या पट्टीला इतिहास होता. वाशी स्टेशनची ती अवाढव्य इमारत नवीन होती तेव्हा दोघं तिथं चुकली होती. ही त्यांना शोधत या जिन्यानं वर, ते हिला शोधत त्या जिन्यानं खाली. दोन तास! शेवटी भेटल्यावर वामनराव घामाघूम होऊन म्हणाले, "यापुढे चुकलो की तू एका जागी उभं राहायचं. दोघंही फिरली तर जन्मात भेट नाही." सरोजिनीबाई तेव्हा चांगल्या फणकारल्या होत्या, की म्हणजे मी खांबासारखी उभी राहू आणि तुम्ही मिरवणार.

तर, चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन वाजला. वामनरावांचे जुने दोस्त बाबासो जिल्ह्याच्या कंट्रोल रूममध्ये बसायचे. आवाज फाटलेला होता.

"वहिनी, ऐका. हिंगणटेकच्या वरच्या तलावाचा बांध पाझरायला लागलाय. माती सुटतेय. शाळा त्याच्या बरोब्बर खाली आहे. आमची जीप नाल्याच्या अलीकडं अडकलीय. वामनला सांगा, सगळ्यांना काढ आणि टेकावर चढव. दोन तास मिळाले तर नशीब म्हणायचं."

सरोजिनीबाईंनी फोन ठेवला. मारोती रजा टाकून सकाळपासून त्यांच्याच खोलीत बसला होता. त्यानं तोंडाकडे बघूनच ओळखलं. "काय झालं, वहिनी? माझ्या अक्षीला काय झालं?"

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून सांगायचंय," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मारोती घामानं निथळत होता, म्हणून त्यांनी पंखा लावला. यंत्र चालू असताना पंखा लावायचा नाही, हा वामनरावांचा घरातला कायदा. पण समोर माणूस घामानं भिजलाय आणि आपण पंखा बंद ठेवायचा, हे कुठल्या गृहिणीला जमेल?

वामनरावांची किरकिर ऐकू आली. पडद्यावर अर्धी ओळ नीट आली, पुढं भेळ. सरोजिनीबाई पुढं सरसावल्या. बारकं बटण पलीकडे, मोठी चकती हाताशी. त्यांनी चकती फिरवली. दिवे जुळले. घाईघाईत निरोप टाईप केला. तिकडून उत्तर आलं: "परत पाठव. कळलं नाही." तेवढ्यात सूर आणखी सरकला. पुन्हा चकती, पुन्हा निरोप, पुन्हा "कळलं नाही". मग नुसतीच भेळ. आता कुठं गेले? थोडं वर, आणखी थोडं वर. एकदा पुसट ऐकू आले, त्या धावल्या, तर तिथं नव्हतेच. शेवटी कुठल्यातरी परदेशी स्टेशनाचा भोंगा कानात घुसला आणि किरकिर त्यात पार बुडाली.

घड्याळात अकरा वीस झाले होते. पन्नास मिनिटं पाण्यात! पाण्यात म्हटल्याबरोबर त्यांनी जीभ चावली.

"मारोतीभाऊ, गच्चीवर जा, तार तुटलीय का बघा."

मारोती तीन-तीन पायऱ्या ओलांडत गेला आणि धापा टाकत आला. "तार ठीक हाय, वहिनी. काय बी झालं नाय."

वीजदाबाचा काटा जागेवर होता. मग काय बिघडलं? त्यांनी कपाळाचा घाम पुसायला मान वर केली आणि पंखा दिसला. अगं बाई! त्यांनी झटकन पंखा बंद केला. वाऱ्यानं यंत्र गारठलं होतं, म्हणजे आपलाही सूर सरकलाय. पण एवढ्यानं इतकी चुकामूक होणार नाही. त्यांनी चकतीवरचा आकडा बघितला. ठरलेल्या जागेपासून सात घरं लांब आलो होतो. सात! आपण त्यांच्या मागे, ते आपल्या मागे. त्यांच्याकडे तर दुसरा इलाजच नव्हता, एकच चकती. वाशी स्टेशनचे जिने आठवले. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपण दुसऱ्यांना सांगतो आणि वेळ आली की स्वतः धावत सुटतो. शंभरावर माणसं बांधाखाली बसलीत आणि मी चकती फिरवत बसले!

त्यांनी क्रिस्टलचं बटण दाबलं. क्रिस्टल म्हणजे यंत्रातला काचेसारखा तुकडा. तो तापो, गारठो, आपला सूर सोडत नाही. तो सूर जिथं वाजतो तीच दोघांची ठरलेली जागा. चकती हळूहळू मागे आणली, सूर सापडला. मग निरोप पाठवला: "बांध फुटतोय. शाळा सोडा. टेकावर चढा. उत्तराला थांबू नका." यंत्र सूर सोडत नाही ना, हे दर खेपेला क्रिस्टलवर पडताळायचं आणि दोन मिनिटांनी तोच निरोप पुन्हा पाठवायचा.

तिकडून काही येईना.

"पोचलं का वो?" मारोतीनं विचारलं.

"माहीत नाही."

"मग वर-खाली फिरवून बघा की!"

"नाही. ते मला इथं शोधतील."

"आन् नाय शोधलं तर?" मारोती उभा राहिला. "माझी म्हातारी तिथं हाय, लेक तिथं हाय, आन् तुमी हाताची घडी घालून बसलात? वहिनी, पाया पडतो, जरा फिरवा ते चाक!"

त्याचं काय चुकलं? सरोजिनीबाईंचा हात दोनदा चकतीपर्यंत गेला. नुसतं बारकं बटण फिरवून त्या आजूबाजूला ऐकत होत्या, पण खरखरीशिवाय काही नव्हतं. ते सात घरं लांब त्या भोंग्याशी झटत बसले असतील का? आपण त्यांना तिथं एकटं सोडून आलो का? की निरोप मिळाला आणि उत्तराला न थांबता निघाले? तसं तर आपणच लिहिलं होतं. मिळाला असला तरी गप्प, न मिळाला तरी गप्प. आपल्याच हातानं आपण हे ओढवून घेतलं. तहान लागली होती, पण पाण्याचा तांब्या बघवेना.

"मारोतीभाऊ," त्या म्हणाल्या, "मी एकदा जागा सोडली, त्यात तास गेला. आता शिव्या द्या, काही करा. मी हलणार नाही."

मारोती भिंतीला डोकं टेकून बसला. दर दोन मिनिटांनी किरकिर जात राहिली.

एक वाजता फोन आला. बाबासो नुसतं एवढंच म्हणाले, "वहिनी, बांध गेला. शाळेवरनं पाणी चाललंय. माणसांचं काही कळत नाही."

हे मारोतीला सांगायचं कसं? त्यांनी सांगितलं. लपवायचं कोणत्या तोंडानं? तो टेबलाच्या पायाशी येऊन बसला आणि डबीवरच्या त्या दोन दिव्यांकडे बघत राहिला. सरोजिनीबाईंना वाटलं, यानं मघासारखं ओरडावं. ती गप्प पाठ त्यांच्यानं बघवत नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटांत गाव टेकावर चढून वर चहा झाला असता.

त्यांनी निरोप बदलला. आता बांधाचं सांगून काय उपयोग? "मी इथेच आहे. सरोज." दोन मिनिटांनी पुन्हा, "मी इथेच आहे. सरोज." दोन वाजले. तीन वाजले. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणाच्यातरी कुकरची शिट्टी झाली तरी दोघं डबीकडे बघायची.

पावणेचारला डावा दिवा हलला. मग उजवा.

सरोजिनीबाई पडद्याकडे वळल्या. किरकिर अगदी पुसट होती, बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती, पण होती ठरलेल्या जागेवरच. पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं: "शाळा गेली. माणसं टेकावर. यंत्र डोक्यावरून आणलं. भोंग्यातून परत फिरलो तेव्हा तू जागेवर सापडलीस. जाईबाई आहे. पाय मोडलाय. अक्ष..."

आणि सूर सरकला. पुढं नुसती भेळ. बॅटरी बसत चालली होती, सूर भराभर खाली घसरत होता. अक्षता काय? आहे का गेली? सरोजिनीबाईंचं भान सुटलं, हात झपकन मोठ्या चकतीवर गेला.

मारोतीनं मनगट पकडलं. फिटरचा हात तो, लोखंडासारखा.

"वहिनी," तो म्हणाला, "जागा सोडू नका."

त्यांनी चकती सोडली. बारकं बटण चिमटीत धरलं आणि श्वासाइतकं हळू फिरवलं. केसभर खाली, आणखी केसभर. दिवे अडखळले, आणि मग आळीपाळीनं लुकलुकायला लागले.

"...क्षता मांडीवर झोपली आहे," पडद्यावर आलं; वामनराव तीच ओळ पुन्हा पाठवत होते. "मारोतीला सांग."

मग दिवे विझले, बॅटरी संपली असावी. मारोतीनं अजून मनगट सोडलं नव्हतं आणि सरोजिनीबाईंनीही ते ओढून घेतलं नाही. दुसऱ्या हाताच्या एका बोटानं, रडत रडत, त्यांनी टाईप केलं: "मी इथेच आहे."