रोज आठाचे पाणी

मित्रांनो, मी यारो नावाच्या फुलझाडाचे एक जुने झुडूप आहे. माझी पाने पिसांसारखी चिरलेली. फुले पांढरी आणि बारीक, पण दाटीने फुलली की छोटी छत्रीच उघडल्यासारखी दिसतात. थंडीत मी वरून पार वाळते. मुळाशी मात्र जागे असते.

घड्याळजींच्या दुकानामागच्या अंगणात मी आले, तेव्हा ओल्या रुमालात गुंडाळलेला मुळांचा एक तुकडा होते. त्यांची थोरली बहीण गाव सोडून निघाली होती.

"माझी आठवण म्हणून लाव," ताई म्हणाली. "फार लाड करू नकोस. आणि मारलंस, तर गाठ माझ्याशी आहे!"

घड्याळजींच्या डोक्यात शेवटचे वाक्य तेवढे राहिले. दुकानातल्या घड्याळांना किल्ली दिली की बरोबर आठ वाजता ते मला झारीभर पाणी घालत. पाऊस पडत असला तरी छत्री धरून घालत! वर दर आठवड्याला मूठभर खत.

पहिली दोन वर्षे मी भरभरून फुलले. मग नुसतीच उंच वाढले. दांडे लुळे पडले, मधला भाग कुजू लागला. घड्याळजी घाबरले आणि त्यांनी पाणी दुप्पट केले.

चौथ्या वर्षी ताई भेटीला येणार असे पत्र आले. मला उपटून गुपचूप नवे रोप लावावे, म्हणून घड्याळजींनी कुदळ आणली. पण हात काही उचलवेना. तेवढ्यात ताई दारात हजर.

"काय रे, आल्या आल्या मलाच कामाला लावतोस की काय?"

"ताई, मारलं गं मी ह्याला."

ताईने मातीत बोट खुपसले. "मेलंय कुठे? बुडालंय बिचारं!"

तिने कुदळ घेतली आणि माझे सरळ तुकडे केले. घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. कुजका गाभा तिने फेकला. कडेचे कोंब हिरवे होते.

"हे काय घड्याळ आहे, रोज किल्ली द्यायला? तहान लागू दे की त्याला!"

माझे दोन तुकडे उन्हाच्या कोपऱ्यात लागले. तिसरा ओल्या रुमालातून ताईबरोबर गेला.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे झाड असेल. त्याला पाणी घालण्याआधी मातीत एकदा बोट घालून पाहाल ना? घड्याळजी आता तसेच करतात. आठाचे ठोके पडले की झारी घेऊन येतात, माती चाचपतात आणि बहुतेक वेळा भरली झारी तशीच परत नेतात.

त्या परत जाणाऱ्या झारीत मला त्यांची सगळी माया दिसते.