बिनवासाच्या इंधनाचा टँकर

मी विमानात इंधन भरणारा टँकर बोलतोय. खरा नव्हे, संगणकातला. विमान चालवण्याच्या एका खेळासाठी कुणा हौशी माणसाने मला तयार केलं. इंधन भरायचं तर खऱ्यासारखंच भरायचं, हा त्याचा हट्ट. म्हणून मला नळी आहे, मीटर आहे, चिमटा लावलेली तार आहे. इंधनाला तेवढा वास नाही. संगणक बंद असला की मी नसतोच म्हणा, पण थकवा मात्र कुठे जात नाही.

खेळणाऱ्यांना उडायची घाई. माझ्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. पण माझी गाठ पडली बाबांशी. बत्तीस वर्षं खरी विमानं भरून निवृत्त झालेला माणूस. मुलीने करमणूक म्हणून हा खेळ आणून दिला, तर यांनी विमान एकदाही उडवलं नाही! नुसतं भरायचं. एक झालं की नळी गुंडाळायची आणि पुढच्या विमानाकडे. दिवसाला सहा-सात. माझी चाकं खरी असती तर केव्हाच झिजली असती.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी बरणीत नमुना घेऊन इंधनात पाणी नाही ना ते बघायचं. मग तारेचा चिमटा विमानाला, मगच नळी. इंधन नळीतून धावताना वीज साचते. तार नसेल तर एक ठिणगी पुरे होते. नंतर वीस मिनिटं मीटरवर डोळा.

"बाबा, चहाचं गार पाणी झालं," मुलगी म्हणायची.

"अगं, मीटर सोडून कुणी उठतं का?"

त्यांच्या कानावरच्या हेडफोनच्या माइकमधून मला सगळं ऐकू यायचं.

एक दिवस फोन आला. जुन्या कंपनीला नव्या पोरांना शिकवायला माणूस हवा होता, सोमवारपासून. बाबांचा आवाजच बदलला. बुटांना पॉलिश झालं. त्या आठवड्यात सराव म्हणून त्यांनी मला जुंपलं ते जुंपलंच.

शुक्रवारी त्यांनी नळी जोडली, पंप चालू केला. तार तशीच गुंडाळलेली. मला ओरडावंसं वाटलं, पण तोंड कुणी दिलंय? टाकी भरली, हिरवा दिवा लागला, तेव्हा त्यांना ती तार दिसली. दुसरं विमान नीट भरलं. तिसऱ्याला पुन्हा तेच.

त्यांनी फोन लावला. "साहेब, सोमवारी माझी वाट बघू नका. तार लावायला विसरतोय मी."

मुलगी धावत आली. "बाबा, अहो, खेळ आहे हा! काही झालं का?"

"खेळात विसरलो म्हणून कळलं तरी. तिथे विसरलो असतो तर?" मग हळूच म्हणाले, "आणि पोरांना शिकवणार काय, कप्पाळ?"

त्यांनी माइक काढून ठेवला.

त्याला आठ दिवस झाले. मुलगी संगणकावर आपलं ऑफिसचं काम करते. मी उभाच आहे.

बाबा, तुमच्यावर मी फार वैतागायचो, खोटं कशाला बोलू? पण रिकामं उभं राहून जास्त दमलोय. या ना परत. तार विसरलात तर विसरलात, पुन्हा जोडू. दहादा विसरा. माझ्या टाकीत पेटण्यासारखा एक थेंबही नाही.