तेराव्याच्या आधी

आमच्या संस्थेकडे श्वासाची मशीनं दोन आहेत आणि मुलं चौदा. दोन्ही मशीनं कायम कुणाच्या तरी उशाशी असतात. एक रिकामं झालंय, असं फोनवर कुणी म्हणालं की काय घडलं ते सगळ्यांना कळतं, आणि पुढचं कुणी विचारत नाही.

हा आजार स्नायू झिजवतो. बहुतेक वेळा आईकडून येतो आणि होतो मुलग्यांना. आधी पाय जातात, मग हात, आणि सतरा-अठराव्या वर्षाच्या आसपास छाती दमायला लागते. झोपेत श्वास पुरेनासा होतो, म्हणून रात्री मास्क लावून हे मशीन चालवायचं. माझा यतीन दहा वर्षांचा आहे. अजून चालतो, पण जिना चढताना हल्ली कठडा धरतो. तेव्हा मी ही संस्था चालवते ती काही दयेपोटी नाही. लोक रेशनच्या रांगेत सकाळीच जाऊन उभे राहतात, तशी मी आधीच येऊन उभी आहे.

अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या इंदिराताईंचा यशवर्धन एकविसाव्या वर्षी झोपेतच गेला. मशीन नीट चालू होतं, हृदयच थांबलं. मशीन त्यांच्याच घरी राहिलं, कारण तेरावा होईपर्यंत आम्ही त्या घरातून काही मागत नाही. हा नियम माझा. एकदा आमचा एक उत्साही कार्यकर्ता तिसऱ्याच दिवशी कुणाकडे व्हीलचेअर आणायला गेला, आणि तिथल्या आजींनी त्याला गिधाड म्हटलं. योग्यच म्हटलं. तेव्हापासून हा नियम, आणि मला त्याचा थोडा तोराही होता.

मशीनच्या यादीत पुढचं नाव अनीशचं होतं. वय सतरा, राहायला राजेंद्र नगरात. त्याचे वडील पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला लागले म्हणून आई रुपाली चार वर्षांपूर्वी सांगलीहून इकडे आली. त्यांनी भाड्याने एक मशीन आणून पाहिलं होतं, पण ते घोरणाऱ्यांसाठीचं निघालं. त्याने अनीश उलट दमायचा, म्हणून डॉक्टरांनी ते बंद करायला लावलं. नव्यासाठी आम्ही देणग्या गोळा करत होतो, पण देणगीदारांना मुलाचा हसरा फोटो लागतो आणि अनीश फोटोत हसत नाही.

रुपाली रोज संध्याकाळी मला फोन करायची. भाजी काय केली, बाई आली की नाही, सगळं सांगायची. मशीनचं नाव घ्यायची नाही. ती यशवर्धनच्या अंत्ययात्रेलाही आली होती. आता मशीन मागायचं म्हणजे त्याच्या जाण्याची वाट बघत होतो असं दिसेल, ही तिची भीती मला कळत होती. मीही तोंडात मिठाची गुळणी धरून होते.

तेराव्याला चार दिवस उरले असताना सकाळी मी अनीशला बघायला गेले. तो माझ्याशी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात झोपला. जागा झाला तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला आणि पुन्हा झोपला. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आज रात्री मशीन लागलंच पाहिजे, नाहीतर ॲडमिट करा." गेल्या खेपेला ॲडमिट केलं तेव्हा घशात नळी घालायची वेळ आली होती. अनीशने त्यानंतर आईकडून वचन घेतलं होतं, पुन्हा तिथे नाही.

"चार दिवस काढू ना ताई, कसेतरी," रुपाली म्हणाली. "त्यांच्या घरी आत्ता कसं विचारायचं?"

मला तिचा संताप आला. तिच्यावर कशाला चिडायचं, नियम माझाच होता. मी रिक्षा केली आणि अन्नपूर्णाला गेले.

दार इंदिराताईंचे सासरे दौलतराव यांनी उघडलं. त्यांचे पूर्वज होळकरांच्या दरबारात कामाला होते, आणि घरात रीतभात अजून तशीच. त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला.

इंदिराताई यशवर्धनच्या पलंगाशी खुर्चीवर बसल्या होत्या. मशीन चालू होतं. मास्क उशीवर ठेवलेला, आणि त्यातून हवा फुसफुसत होती.

"ह्या आवाजाशिवाय झोपच येत नाही गं," त्या म्हणाल्या. "चार साल झाले ना ऐकून राहिले. आता चालू ठेवते, तरी येत नाही."

जेवता की नाही, पाहुणे गेले का, असलं काहीबाही मी विचारत बसले. आडून आडून बोलायला मी चांगली आहे. शेवटी त्यांनीच विचारलं, "शोभना, मशीन कोणाला पाहिजे आहे का?"

"नाही नाही," मी म्हटलं. "तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी सहजच आले होते."

असं म्हणून मी खरोखर उठले. खाली रस्त्यावर येऊन रिक्षेला हातही केला. रिक्षावाल्याने विचारलं, "कहाँ जाना है दीदी?" मला राजेंद्र नगर म्हणवेना. तिथे जाऊन मी रुपालीला सांगणार काय होते? मी पुन्हा जिना चढले.

"मी खोटं बोलले," मी दारातूनच म्हटलं. "अनीशला हवंय. आजच हवंय."

इंदिराताई माझ्याकडे वळल्या. "मग इतके दिवस कुठे होती तू?"

"सुतक आहे. तुम्हाला कसं विचारायचं..."

"आणि मी समजून राहिले होते की यशचं म्हणून आता कोणाला नको असेल. मेलेल्या पोराचं कोण आपल्या पोराला लावेल? म्हणून मी पण नाही बोलले." त्यांनी बटण बंद केलं. खोली एकदम शांत झाली.

दौलतराव दारात आले होते. "सूनबाई, तेराव्याच्या पहले घरातून दान जात नाही."

"हे दान नाहीये बाबासाहेब. आपलं कुठे आहे? संस्थेचं आहे, आपण वापरायला आणलं होतं."

 दौलतरावांनी पलंगाखाली वाकून भिंतीतला प्लग काढला आणि वायर गुंडाळायला लागले. मी पुढे झाले, पण त्यांनी ती मला गुंडाळू दिली नाही.

इंदिराताई माझ्याबरोबर निघाल्या. मास्कचे पट्टे कसे बसवायचे ते दुसऱ्या कोणाला जमायचं नाही, म्हणाल्या. वाटेत आम्ही नवा मास्क आणि नळी घेतली, डॉक्टरांच्या माणसाला बोलावून घेतलं. रुपालीच्या दाराशी मात्र त्या थबकल्या. सुतकात कुणाच्या घरी जात नाहीत. रुपालीने त्यांचा हात धरून त्यांना आत घेतलं.

त्या माणसाने अनीशसाठी मशीनचे आकडे लावून दिले. पट्टे इंदिराताईंनी बसवले. "नाकाजवळ हवा लागतेय का बेटा? लागत असेल तर पापणी हलव." दोनदा सैल केले, एकदा घट्ट. तासाभरात अनीशच्या ओठांचा रंग पालटला, आणि तो गाढ झोपला. मी बघितलं तर शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत इंदिराताईही झोपल्या होत्या. मान एका बाजूला कलली होती, तोंड थोडं उघडं होतं. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलत राहिलो, त्यांना कोणी उठवलं नाही.

दिवेलागणीला त्या उठल्या. पदर सारखा केला, अनीशच्या कपाळावरून हात फिरवला आणि निघाल्या. रुपाली आम्हाला पोचवायला दारापर्यंत आली.

"शोभना," इंदिराताई म्हणाल्या, "यतीनची वेळ आली की मला सांगशील. मी येईन पट्टे लावायला. आज केलंस तसं लाजत बसू नको."

प्रेमानेच म्हणाल्या, पण मला त्यांचा भयंकर राग आला. यतीन अजून चालतो. आणि रुपाली तिथेच उभी होती. यतीनची वेळ येईल तेव्हा मशीन कुठून येईल, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं.

काहीतरी बोलून विषय बदलावा म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात रुपालीच बोलली. तिचा आवाज अगदी साधा होता.

"ताई, मला विचारायला येऊ नका तेव्हा. मी स्वतःच घेऊन येईन."

मला दोघींकडेही बघवेना. मी चप्पल घालायला खाली वाकले, आणि पाय चपलेत गेले असूनही बराच वेळ तशीच वाकून राहिले.