कोरी पट्टी

श्वेताने पोस्टरचं प्रूफ टेबलावर सरळ केलं, कूलरच्या वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर स्टेपलर ठेवला आणि लाल पेनचं टोपण काढलं. वर मध्यभागी ‘नवतपा’ हे नाव होतं, अक्षरांच्या कडा वितळून खाली ओघळलेल्या. त्याखाली बोटभर रुंदीची कोरी पट्टी. मग तारीख, तीन जून, संध्याकाळी सहा. मग कुस्त्यांची यादी, आणि मोबाइलवर तिकीट काढून घरबसल्या शो पाहणाऱ्यांसाठी वेबसाइटचा पत्ता. वेलांटीसुद्धा कुठे चुकली नव्हती. याचाच तिला राग आला.

पाच वर्षं शोची नावं तिची होती. अंकुशची कुस्तीची कंपनी नागपुरात, सदरमधल्या दोन खोल्यांत चालायची. कुस्ती आखाड्यातली नव्हे, रिंगमधली. कोण कोणाला कसं पाडणार ते आधी बसवलेलं, मुखवटे, दिवे, जुनी वैरं. दर दोन महिन्यांनी एक मोठा शो, आणि प्रत्येक शोला एक नाव. श्वेता सकाळी धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावायची आणि दुपारनंतर इथे यायची. ‘तर्री’ हे नाव तिचं. त्या शोला रिंगचे दोर लाल होते आणि दोघं सख्खे भाऊ एकमेकांवर तुटून पडले होते. ‘बडग्या’ही तिचंच, पोळ्यानंतर मारबतीच्या मिरवणुकीत निघणाऱ्या पुतळ्यांवरून. हरणाऱ्याचा कागदी पुतळा लोकांनी खांद्यावरून हॉलबाहेर नेला होता. अजूनही लोक शो आठवायचे ते या नावांनीच.

होळीनंतर वैभवी आली. काटोलची, तेवीस वर्षांची, इन्स्टाग्राम सांभाळायला. उन्हाळ्यातल्या शोसाठी अंकुशने नावं मागितली तेव्हा श्वेताने ‘लाही’ सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. वैभवीने हातातला चहाचा कपही खाली ठेवला नाही. सहज बोलावं तशी म्हणाली, नवतपा ठेवू. नऊ दिवसांचं ऊन, नऊ कुस्त्या. रिंगभोवती नऊ कूलर लावायचे आणि एकेक कुस्ती झाली की एकेक बंद करायचा.

अंकुश खुर्चीतून उठलाच.

“मानलं वं तुले. नवव्या कुस्तीले तं लोकं बसल्या जागी घामाघूम होतीन.”

‘लाही’ हा शब्द त्यानंतर कोणी उच्चारला नाही. त्या दिवशी घरी जाताना श्वेता नऊ कूलरच्या कल्पनेत खोट शोधत राहिली. वीज, पाणी, आवाज. घर आलं तरी खोट सापडली नाही. रात्रीच्या भाकरीची एक बाजू करपली, ती तिने मुकाट्याने स्वतःच्या ताटात घेतली.

आता वैभवीने केलेल्या पोस्टरवर लाल पेन तारखेशी थांबलं. शो आधी दोन जूनला होता, पण हॉल त्या दिवशी एका लग्नाच्या स्वागत समारंभाला दिला गेला, म्हणून एक दिवस पुढे सरकला. श्वेताने बोटांवर मोजलं. पंचवीस मे ते दोन जून, नऊ. म्हणजे तीन जूनला नवतपा संपलेला असणार.

एकाच दिवसाची चूक. पण लॅबमध्ये एका दिवसाने चुकलेलं लेबल म्हणजे फेकून द्यायचा नमुना. आणि नागपुरात नवतपा कधी संपतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लोक हसणार होते. वैभवीला हसणार होते.

तेवढ्यात, तिने बोलावलेली नसताना, एक ओळ तिच्या डोक्यात आली. दहावा दिवस. दहावा म्हणजे मेलेल्याचाही दहावा. ती इतकी नेमकी होती की श्वेताला त्या ओळीचाही राग आला. तिने पर्समधून लेबलांची गुंडाळी काढली, एकावर लिहिलं, ‘आज कोणाचा दहावा?’, आणि हाताच्या सवयीने खाली तारीख-वेळ टाकली: २८ मे, ४.४०. लेबल तिने पर्सच्या आतल्या कप्प्यात सारलं. मग प्रूफवर ‘ठीक’ लिहून सही केली. नावाखालची कोरी पट्टी तिला खटकली होती, पण तीही तिने तशीच राहू दिली. रचनेत कच्ची आहे पोरगी, असं वाटून तिला जरा बरं वाटलं.

पोस्टरं सदरपासून इतवारीपर्यंत लागली. त्याआधी, छपाईला जाण्यापूर्वी, वैभवीने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तर मुद्दाम तिच्या टेबलाशी येऊन.

“ताई, पोस्टर नीट पाहिलं ना? काही राहिलं का?”

“काही नाही राहिलं,” श्वेता म्हणाली, आणि त्या दिवशी तिला शांत झोप लागली.

तीन जूनला हॉल भरला. नऊ कूलर घरघरत होते. एकेकाळी स्वतः रिंगमध्ये उतरलेला धोंडबा माइक घेऊन दोरांशी उभा होता. श्वेता कॅमेऱ्यामागच्या टेबलाशी थांबली. तिथल्या पडद्यावर घरी बसून पाहणाऱ्यांचं लिखाण वर सरकत होतं. पाचव्या-सहाव्या ओळीलाच कोणीतरी लिहिलं, ‘नवतपा तं काल संपला ना बे.’ खाली हसणारे चेहरे. मग आणखी एक. मग दहा.

श्वेताने वैभवीकडे पाहिलं. वैभवीही तेच वाचत होती. तिने सावकाश एक चिठ्ठी काढली आणि रिंगशी जाऊन धोंडबाच्या हातात दिली. धोंडबाने ती वाचली. मिशीतल्या मिशीत हसला आणि माइक तोंडाशी नेला.

“नवतपा काल संपला,” तो म्हणाला. मग थांबला. कूलरांची घरघर तेवढी ऐकू येत होती. “आज कोणाचा दहावा?”

मग मागच्या रांगेतून एक शिट्टी आली आणि सगळा हॉल उठला. लोक खुर्च्यांवर हात आपटत पैलवानांची नावं घेऊ लागले, दहावा, दहावा. पडद्यावरही नावंच नावं. दारापाशी उभ्या अंकुशने दोन्ही हात वर करून वैभवीला नमस्कार केला.

वैभवी टेबलाशी आली. गोंगाटात ऐकू जावं म्हणून तिने तोंड श्वेताच्या कानाशी आणलं.

“परवा सुचली, पोस्टरं लागल्यावर. पोस्टरवर पाहिजे होती, नावाखाली.”

“मग पट्टी कोरी काहून सोडली?”

“ते पट्टी तुमच्यासाठी सोडली होती, ताई. अंकुशदादा म्हणे, नावाखालची ओळ श्वेताताईची. तारखेतलं बी त्याईच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून मी वाट पाहिली. दोनदा विचारलं बी. सुटलं वाटते.”

श्वेताचा हात पर्समध्ये गेला. आतल्या कप्प्यात बोटांना लेबलाची कडा लागली. तेच तीन शब्द, तिच्या अक्षरात, वैभवीच्या आधीचे. काढून टेबलावर ठेवायचा अवकाश. वैभवीने आधी ओळ वाचली असती. मग खालची तारीख, प्रूफवरच्या सहीच्याच दिवसाची.

वैभवी तिच्याकडे पाहत होती. रिंगमध्ये पहिली कुस्ती सुरू झाल्याची घंटा वाजली.

“हो,” श्वेता म्हणाली. “सुटलं.”

आणि तिने पर्सची चेन लावली.