नाथाजी बेदाणेवाल्यांचा फोन

प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत बसून हाफिज सरांनी मोबाईलवर रुमाल पांघरला, घसा खरवडला आणि ओरडले,

"कोन हाय रं? नाथाजी बेदाणेवाला बोलतोय!"

ऑफिसातल्या फोनवर साईराज रुमालाआडचा सरांचा आवाज ओळखून आधी खिदळला, मग सावरला. "शेठ, तुमच्या पेटीत निम्म्या काड्याच निघाल्या."

"त्या फुकट दिल्यात. दात कोरायला!"

नववीची मराठीची तोंडी परीक्षा चालली होती. दरवर्षी पोरं पाठ केलेला उतारा ओकायची आणि सर जांभया द्यायचे. यंदा सरांनी टूम काढली. तासगावातल्या एका खडूस व्यापाऱ्याला फोन लावायचा, खराब बेदाण्याची तक्रार करायची, पेटी बदलून घ्यायची. वीस गुण. अरिबानं तर थेट वकिलाची धमकी दिली. सरांनी रुमालात तोंड दाबून हसून घेतलं.

फोन सरांच्या बायकोचा, समीनाचा होता. तिला जाऊन दोन वर्षं झाली, तरी नंबर बंद पडू नये म्हणून सर रिचार्ज मारत राहिले. त्यावर कुणी फोन करत नव्हतं. आज सकाळपासून सदतीस येऊन गेले.

अडतिसावा वाजला, पटावरच्या शिवांजलीचा. सर सरसावून बसले. हा सगळा खटाटोप हिच्यासाठीच तर होता.

शिवांजलीचे वडील फौजेत. पोर वाढली छावण्यांत, हिंदीत. मराठी बोलायची ती फक्त आजीशी. जूनमध्ये ती आजीकडे राहायला आली आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी बाकावरच्या शेजारणीला म्हणाली, "आवं, सरा की जरा." म्हातारीसारखं बोलते म्हणून वर्ग हसत सुटला. तेव्हापासून तिनं तोंड मिटलं. दोन तोंडी परीक्षांत भोपळा. आज तिसरा आला की पोरगी मराठीत नापास.

"कोन हाय?"

नुसता श्वास.

"आगं, बोल की! तुमच्या तक्रारी ऐकत सकाळपास्नं उपाशी बसलोय मी."

मग अगदी बारीक आवाज आला. "का वो? जेवला न्हाईसा?"

पुढचं वाक्य सरांच्या तोंडात तयार होतं. ते तिथंच राहिलं.

"न्हाई."

"घरात कोन न्हाई व्हय?"

"न्हाई."

"मग भाकरी कोन करतं?"

"मीच."

"जमतीया?"

"करपती."

ती हसली. मग तवा किती तापवायचा, पाणी कधी फिरवायचं, सगळं सांगत सुटली. सहा मिनिटं. बेदाण्याचं नाव नाही. फोन ठेवल्यावर सरांनी गुणपत्रक ओढलं. 'तक्रार केली का' या रकान्यात 'नाही' लिहिलं. गुणांच्या रकान्यावर पेन जरा थांबलं, मग 'अठरा' लिहून सरांनी पान उलटलं.

रविवारी दुपारी सर ओट्याशी उभ्या उभ्याच करपलेली भाकरी मोडत होते, तेव्हा समीनाचा फोन वाजला. त्यांनी घाईघाईनं खिसे चाचपले, रुमाल काढला, फोनवर टाकला.

"कोन हाय? दुकान बंद हाय आज!"

"जेवलासा का?"

मागून म्हातारीचा आवाज आला, "कालवण काय केलंय, त्ये बी इचार की!"

सरांनी घास गिळला. कालवण काहीच नव्हतं.

"जेवतोय की, पोरी. तुझी तक्रार ऱ्हायलीय बघ त्या दिशीची. ती सांग आदी."

"हाय की तक्रार. रुमाल काढा की, सर. नीट ऐकू येत न्हाई."

ओट्यावर नळ ठिबकत होता. सरांनी रुमाल काढला, घडी केली, खिशात ठेवला. मग एका हातात फोन, एका हातात ताट घेऊन ते खाली बसले.